शकावली आणि बखर : फाल्कन ९च्या उड्डाणांचा इतिहास वाचताना

मराठी इतिहासलेखनाच्या परंपरेत दोन प्रकार शेजारी शेजारी नांदत आले आहेत : शकावली आणि बखर. शकावलीत तिथी, स्थळ आणि घटना एवढेच असते. कारणमीमांसा नसते, वर्णन नसते, भाष्य तर नसतेच. बखरीत नायक असतो, प्रसंग असतात, संवाद असतात. आणि लेखकाला शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे सारे काही पहिल्यापासून त्या शेवटाकडेच चालले आहे, असे वाचकाला वाटत राहते. शिवजन्माच्या तिथीचा वाद आपल्या विद्यार्थ्यांना परिचित असतो. बखरींमुळे रूढ झालेल्या १६२७ ह्या सालाला जेधे शकावलीतील एका कोरड्या नोंदीने आव्हान दिले आणि १६३० हे साल पुढे आले. बखर वाचनीय असते, पण तिला प्रश्न विचारायचे तर हाताशी शकावली असावी लागते, हा त्या वादाने दिलेला धडा.

ह्या जुन्या भेदाची आठवण होण्याचे कारण मात्र अगदी अलीकडचे आहे. अमेरिकेतील 'स्पेसएक्स' ह्या कंपनीच्या 'फाल्कन ९' ह्या अग्निबाणाचा इतिहास नेमका ह्याच दोन रूपांत आपल्यासमोर येतो. त्याची बखर सर्वांनी ऐकलेली आहे. एलॉन मस्क नावाच्या उद्योजकाने २००२ साली कंपनी काढली, जग हसले, अग्निबाण कोसळले, तो डगमगला नाही, आणि अखेर आकाशात गेलेला अग्निबाण आपल्या पायांवर उभा राहून परत आला. ह्याच इतिहासाची शकावली म्हणजे उड्डाणांचा तक्ता : अनुक्रमांक, दिनांक, प्रक्षेपणतळ, कोणता भार, कोणती कक्षा, ग्राहक कोण आणि निकाल काय. आम्ही साहित्य शिकवणारी माणसे. अग्निबाणांचे शास्त्र हे आमचे क्षेत्र नव्हे. परंतु तक्ता हादेखील एक मजकूरच असतो. त्याला रचना असते, त्यात गाळलेल्या जागा असतात, आणि काळाच्या ओघात त्याचे रकाने बदलतात. फाल्कन ९च्या बाबतीत तर हे रकान्यांचे बदलणे हाच खरा इतिहास आहे, असे आम्हांला वाटते.

प्रथम तक्त्याच्या पहिल्या ओळीआधीचा काळ पाहू. बखर नेहमी नायकाच्या जन्मापासून सुरू होते. पण परत वापरता येणाऱ्या अग्निबाणाची कल्पना ह्या नायकाआधीची आहे. अमेरिकेच्या 'स्पेस शटल'ने १९८१ ते २०११ ह्या काळात १३५ उड्डाणे केली. त्यातील विमानासारखे यान पुन्हा वापरले जाई, बाजूचे दोन अग्निबाण समुद्रातून काढून आणून दुरुस्त केले जात, आणि मधली मोठी इंधनटाकी दर वेळी नष्ट होई. यंत्र परत येई खरे, पण प्रत्येक फेरीनंतर त्याची इतकी कसून डागडुजी करावी लागे की खर्चात अपेक्षित बचत कधीच झाली नाही. आणि 'चॅलेंजर' (१९८६) व 'कोलंबिया' (२००३) ह्या दोन अपघातांत मिळून चौदा अंतराळवीर गेले. दुसरा पूर्वज आकाराने लहान आणि पुष्कळसा विस्मृतीत गेलेला. मॅक्डॉनेल डग्लस कंपनीचे 'डीसी-एक्स' हे प्रायोगिक यान १८ ऑगस्ट १९९३ रोजी न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे सरळ वर गेले आणि सरळ खाली येऊन उभे राहिले. पुढे ३१ जुलै १९९६ रोजी उतरताना त्याचा एक पाय उघडला नाही. यान आडवे झाले, जळाले, आणि प्रकल्प तेथेच थांबला. पाय घेऊन उतरणारा अग्निबाण ही कल्पना मस्क ह्यांच्या कंपनीच्या स्थापनेच्या नऊ वर्षे आधी वाळवंटात सिद्ध झालेली होती.

इंजिनाचीही वंशावळ आहे. फाल्कन ९ला शक्ती देणारे 'मर्लिन' इंजिन ज्यांच्या नेतृत्वाखाली घडले, ते टॉम म्यूलर आधी 'टीआरडब्ल्यू' ह्या कंपनीत होते. इंधन आणि ऑक्सिजन एका मध्यवर्ती खुंटीभोवती एकत्र आणण्याची जी पद्धत मर्लिनमध्ये आहे, तीच पद्धत टीआरडब्ल्यूने अपोलो मोहिमांतील चांद्रयानाच्या उतरण्याच्या इंजिनात वापरली होती. म्हणजे चंद्रावर माणसे उतरवणाऱ्या इंजिनाचे संस्कार ह्या 'नव्या' इंजिनावर आहेत.

आणि पैसा? 'खासगी' हे विशेषण ह्या बखरीत फार मिरवते. मार्शल बेटांतील ओमेलेक ह्या चिमुकल्या बेटावरून कंपनीचा पहिला, लहान अग्निबाण 'फाल्कन १' २००६, २००७ आणि ऑगस्ट २००८ असा तीनदा अपयशी ठरला. २८ सप्टेंबर २००८ रोजी चौथ्या प्रयत्नात तो कक्षेत पोहोचला, तोवर कंपनीची तिजोरी रिती होत आली होती. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २३ डिसेंबर २००८ रोजी, 'नासा'ने आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाकडे सामान नेण्याच्या बारा फेऱ्यांसाठी १६० कोटी डॉलरचे कंत्राट दिले. त्याआधी, २००६ मध्येच, फाल्कन ९ आणि 'ड्रॅगन' हे यान विकसित करण्यासाठी नासाने २७ कोटी ८० लाख डॉलर देण्याचा करार केला होता; ती रक्कम पुढे वाढली. अर्थात हे अनुदान जुन्या पद्धतीचे नव्हते. एकेक टप्पा पुरा झाल्यावर ठरलेली रक्कम मिळे, आणि कंपनीलाही स्वतःचे भांडवल घालावे लागे. कंपनीचे धाडस खोटे होते असे नव्हे. पण त्या धाडसाच्या पाठीशी सार्वजनिक पैसा होता, आणि बखरीत त्याला दुय्यम पात्राचीही भूमिका मिळत नाही.

तक्त्याची पहिली ओळ ४ जून २०१०ची. फ्लोरिडातील केप कॅनाव्हरल येथून नऊ इंजिनांचा पहिला फाल्कन ९ उडाला आणि कक्षेत पोहोचला. त्याच वर्षी ८ डिसेंबरला दुसऱ्या उड्डाणात ड्रॅगन यान कक्षेत जाऊन समुद्रात सुखरूप उतरले. खासगी कंपनीचे यान कक्षेतून परत आणले जाण्याची ही पहिलीच वेळ. मे २०१२ मध्ये ड्रॅगन अवकाशस्थानकाला जाऊन मिळाले. ह्या काळातील तक्त्यात निकालाचा रकाना एकच आहे, आणि त्यात दोनच शब्द मावतात : यशस्वी किंवा अयशस्वी. पहिल्या दोन उड्डाणांत पहिला टप्पा हवाई छत्रीने समुद्रात उतरवण्याचा बेत होता. पण वातावरणात परत शिरताना, छत्री उघडण्याआधीच, तो मोडून पडला. ह्या अपयशाला त्या वेळी रकानाच नव्हता.

एकाच रकान्याची मर्यादा चौथ्या ओळीत उघडी पडते. ऑक्टोबर २०१२मधील सामानाच्या पहिल्या नियमित फेरीत उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आतच नऊपैकी एक इंजिन निकामी झाले. उरलेल्या आठ इंजिनांनी अधिक काळ जळून ड्रॅगनला ठरल्याप्रमाणे मार्गी लावले. परंतु त्याच अग्निबाणावर 'ऑर्बकॉम' कंपनीचा एक छोटा उपग्रहही होता. त्याला वरच्या कक्षेत नेण्यासाठी दुसऱ्या टप्प्याचे इंजिन पुन्हा पेटवायला हवे होते. अवकाशस्थानकाच्या सुरक्षेच्या नियमांमुळे ते पेटवता आले नाही, आणि उपग्रह काही दिवसांतच वातावरणात जळून गेला. आता ह्या ओळीपुढे काय लिहायचे? नासासाठी यश, ऑर्बकॉमसाठी अपयश. एकाच घटनेचा निकाल विचारणारा कोण आहे त्यावर बदलतो, हे कोरड्या तक्त्यालाही मान्य करावे लागले.

सप्टेंबर २०१३पासून तक्त्यात नवा रकाना उमटू लागतो : पहिल्या टप्प्याचे काय झाले? ह्या प्रयोगांमागील आर्थिक युक्ती समजून घेण्यासारखी आहे. अग्निबाणाचा पहिला टप्पा साधारण अडीच मिनिटांत आपले काम संपवून सुटतो. ग्राहकाने पैसे मोजलेले असतात ते उपग्रह वर नेण्याचे. सुटलेला टप्पा ह्या हिशेबात केवळ कचरा. त्या कचऱ्यावर प्रयोग करायला वेगळ्या उड्डाणाची गरजच नव्हती. सुरुवातीचे पुष्कळ प्रयोग अवकाशस्थानकाच्या फेऱ्यांत झाले, कारण ती कक्षा खालची असल्याने टप्प्यात परतीपुरते इंधन उरे. डीसी-एक्सच्या प्रकल्पाला एक अपघात पुरला. फाल्कन ९चे टप्पे एकामागून एक आदळले तरी प्रयोग चालू राहिले, कारण प्रत्येक टप्प्याची किंमत आधीच वसूल झालेली होती. चिकाटी हा नायकाचा गुण खराच, पण ती परवडेल अशी व्यवस्था असणे ही वेगळी गोष्ट.

आणि काम विलक्षण अवघड होते. सुटलेला टप्पा आधी नायट्रोजन वायूच्या झोतांनी आपली दिशा बदलतो. मग काही इंजिने पुन्हा पेटवून वेग मारतो. चार जाळीदार पंखांनी हवेत स्वतःला सावरतो. आणि शेवटच्या क्षणी पुन्हा इंजिन पेटवून खाली येतो. गंमत अशी की जवळजवळ रिकाम्या झालेल्या टप्प्याच्या वजनापेक्षा एका मर्लिन इंजिनाचा कमीत कमी जोरही जास्त असतो. त्यामुळे त्याला घिरट्या घालत, चाचपडत उतरता येत नाही. उंची शून्य होण्याच्या क्षणीच वेगही शून्य व्हावा लागतो; आधी झाला तर तो पुन्हा वर जाऊ लागेल, नंतर झाला तर आदळेल.

नव्या रकान्यातील नोंदी म्हणूनच वाचण्याजोग्या आहेत. २९ सप्टेंबर २०१३ : टप्पा स्वतःभोवती फिरू लागला, इंधन टाकीच्या कडेला गेले, इंजिन विझले. १८ एप्रिल २०१४ : समुद्रावर अलगद उतरला, लाटांनी मोडला. १० जानेवारी २०१५ : समुद्रातील तराफ्यापर्यंत पोहोचला, पण जाळीदार पंख हलवणारे तेल संपले आणि तो तराफ्यावर आदळला. १४ एप्रिल २०१५ : एक झडप वेळेवर हलली नाही, टप्पा उतरून कलंडला. १७ जानेवारी २०१६ : टप्पा उतरला, पण एका पायाची कडी बसली नाही आणि तो आडवा झाला. डीसी-एक्सच्या त्या पायाची आठवण येथे कोणाला होणार नाही? ह्या सर्व दिवशी पहिल्या रकान्यात मात्र 'यशस्वी' असेच लिहिलेले आहे.

तक्त्यातील सर्वांत बोलक्या जागा मात्र अपघातांच्या आहेत. २८ जून २०१५ रोजी, उड्डाणानंतर १३९ सेकंदांनी, अवकाशस्थानकाकडे सामान नेणारा अग्निबाण आकाशात फुटला. दुसऱ्या टप्प्यातील द्रव ऑक्सिजनच्या टाकीत हेलियमचे एक भांडे पकडून ठेवणारी धातूची पट्टी तुटली होती. त्याहून चमत्कारिक नोंद १ सप्टेंबर २०१६ची. 'आमोस-६' हा इस्रायली कंपनीचा उपग्रह डोक्यावर घेऊन अग्निबाण तळावर उभा होता. उड्डाणाला दोन दिवस अवकाश होता. इंजिनांच्या चाचणीसाठी इंधन भरले जात असताना स्फोट झाला. अग्निबाण गेला, उपग्रह गेला, तळाची इतकी हानी झाली की तेथून पुढचे उड्डाण व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. परंतु उड्डाणच झालेले नसल्यामुळे उड्डाणांच्या क्रमांकात ह्या घटनेला स्थान मिळत नाही. जो तक्ता केवळ उड्डाणे मोजतो, त्यात जे उडालेच नाही ते कोठे लिहायचे? शकावलीलाही आंधळी जागा असते, ती अशी.

ह्या दोन अपघातांच्या मधोमध यशाची नोंद आहे, हे लक्षात घ्यायला हवे. पहिल्या अपघातानंतरचे पहिलेच उड्डाण २१ डिसेंबर २०१५च्या रात्री (फ्लोरिडातील वेळेनुसार) झाले. ऑर्बकॉमचे अकरा उपग्रह कक्षेत सोडले गेले आणि पहिला टप्पा केप कॅनाव्हरलच्या जमिनीवर येऊन उभा राहिला. ग्राहक तोच, ज्याचा उपग्रह २०१२ साली वाया गेला होता. बखरीला हा योगायोग दिसत नाही. तक्ता तो न सांगता दाखवतो. ८ एप्रिल २०१६ रोजी दुसरा एक टप्पा समुद्रातील तराफ्यावर उतरला, आणि ३० मार्च २०१७ रोजी तोच टप्पा लक्झेंबर्गच्या 'एसईएस' कंपनीचा उपग्रह घेऊन पुन्हा उडाला. त्या दिवशी तक्त्याला तिसऱ्या बदलाची गरज पडली. आजवर प्रत्येक ओळ म्हणजे एक नवा अग्निबाण होता. आता प्रत्येक टप्प्याला स्वतःचा क्रमांक आणि 'कितवी खेप' हा आकडा आला. यंत्राला चरित्र मिळाले.

त्या तराफ्यांची नावे साहित्याच्या वाचकांना रंजक वाटावीत. 'ऑफ कोर्स आय स्टिल लव्ह यू' आणि 'जस्ट रीड द इन्स्ट्रक्शन्स' ही नावे स्कॉटिश कादंबरीकार इयन बँक्स ह्यांच्या 'द प्लेअर ऑफ गेम्स' (१९८८) ह्या विज्ञानकादंबरीतील नौकांची आहेत. बँक्स हे उघडपणे डाव्या विचारांचे लेखक. त्यांनी कल्पिलेल्या समाजात खासगी मालमत्ता नाही आणि पैशाचीही गरज नाही. त्या समाजातील, स्वतःचे मन असणाऱ्या नौकांची नावे एका भांडवली कंपनीच्या मनुष्यविरहित तराफ्यांना मिळाली. साहित्यातून नाव उचलता येते, पण त्या नावाभोवतीचे जग उचलले जातेच असे नाही, ह्याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

२०१८नंतर तक्ता फोफावतो. ११ मे २०१८ रोजी अग्निबाणाची 'ब्लॉक ५' ही आवृत्ती प्रथम उडाली. तिने नेला तो बांगलादेशाचा पहिला दळणवळण उपग्रह 'बंगबंधू-१'. ३० मे २०२० रोजी बॉब बेन्केन आणि डग हर्ली हे दोन अंतराळवीर फाल्कन ९वरून अवकाशस्थानकाकडे निघाले. २०१० साली दोन उड्डाणे, २०१७ साली अठरा, आणि २०२४ साली १३२. ऑगस्ट २०२५ मध्ये एका टप्प्याने तिसावी खेप पुरी केली. पण ह्याच काळात ग्राहकाचा रकानाही बदलला. मे २०१९ मध्ये 'स्टारलिंक' ह्या आंतरजालसेवेचे पहिले साठ उपग्रह सोडल्यानंतर कंपनी स्वतःच स्वतःची सर्वांत मोठी ग्राहक झाली. २०२४ मधील सुमारे दोन तृतीयांश उड्डाणे स्टारलिंकसाठीच होती. त्या ओळींना आता नावेही उरलेली नाहीत, केवळ गट आणि क्रमांक. २०२५च्या अखेरीपर्यंत असे दहा हजारांहून अधिक उपग्रह सोडले गेले, आणि त्यांच्या चकाकत्या रेषा आपल्या दुर्बिणींच्या छायाचित्रांत उमटतात ही खगोलशास्त्रज्ञांची तक्रार पहिल्या साठांपासूनची आहे. तिच्यासाठी मात्र तक्त्यात अजून रकाना नाही.

घटना नित्याची झाली की तिचा इतिहास कसा लिहायचा, हा येथील खरा पेच आहे. एक माप आम्हांला सुचते : अपयशानंतरच्या शांततेची लांबी. २०१५च्या अपघातानंतर अग्निबाण जवळजवळ सहा महिने उडाला नाही. २०१६नंतर साडेचार महिने. जुलै २०२४ मध्ये दुसऱ्या टप्प्यातून ऑक्सिजन गळून वीस स्टारलिंक उपग्रह नष्ट झाले, तेव्हा उड्डाणे सुमारे पंधरवड्यात पुन्हा सुरू झाली. दुसरे माप यंत्राच्या मृत्यूचे. बेन्केन आणि हर्ली ह्यांना नेणाऱ्या टप्प्याने एकूण एकोणीस खेपा केल्या. डिसेंबर २०२३ मध्ये शेवटच्या खेपेनंतर तराफ्यावरून परतताना वारा आणि लाटांनी तो कलंडला आणि मोडला. दहा वर्षांपूर्वी जी बातमी जगभर गाजली असती, ती आता तळटीप झाली.

भारताचा संबंध ह्या तक्त्यात विशेषतः दोन ओळींनी येतो. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी (भारतीय वेळेनुसार) 'जीसॅट-एन२' हा ४,७०० किलोंचा भारतीय उपग्रह केप कॅनाव्हरलहून फाल्कन ९ने नेला, कारण तेवढे वजन त्या कक्षेत नेणे भारताच्या सर्वांत बलाढ्य अग्निबाणाच्या आवाक्याबाहेर होते. २५ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला ह्याच अग्निबाणावरून अवकाशस्थानकाकडे गेले. राकेश शर्मांच्या १९८४ मधील उड्डाणानंतर एकेचाळीस वर्षांनी. ते उड्डाण जूनच्या सुरुवातीलाच व्हायचे होते. अग्निबाणात द्रव ऑक्सिजनची गळती आढळल्यामुळे ते लांबले. शेकडो यशस्वी ओळींनंतरही एक गळती शोधण्यासाठी थांबावे लागते, ही गोष्ट विजयगाथेत सहसा येत नाही.

शेवटी एका विशेषणाविषयी. फाल्कन ९ला सर्रास 'पुनर्वापरक्षम अग्निबाण' म्हटले जाते. वस्तुतः परत येतो तो पहिला टप्पा आणि उपग्रहावरचे टोपण. दुसरा टप्पा प्रत्येक वेळी जातो तो जातोच. शब्द अर्धा खरा आहे, आणि अर्धे खरे शब्दच बखरीला सर्वांत सोयीचे असतात. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही म्हणूनच असे सुचवू, की कोणतीही यशोगाथा, मग ती राजाची असो, लेखकाची असो वा यंत्राची, वाचताना तिच्याशेजारी तिचा तक्ता मांडून बसावे. रकाने कोणी आखले, कोणता रकाना केव्हा वाढला, आणि कोणत्या घटनेला ओळच मिळाली नाही, एवढे तीन प्रश्न विचारले तरी बखर पुरेशी बोलू लागते.